घोडमाळाची पेरणी

पहाटेच्या वेळी आबाजीच्या पायांची बोटं खाजायची. खाजायला बोटं जागेवर नव्हती, ही गोष्ट वेगळी. ती लडाखच्या बर्फात गेली ती गेलीच. लष्करी इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याची दोन्ही पावलं निम्म्यावर आणून ठेवली होती. पण पहाटे, अर्धवट झोपेत, दहाच्या दहा बोटं पांघरुणाखाली हजर व्हायची. आबाजी ती हळूच हलवून बघायचा. करंगळीसुद्धा हलायची. त्याला फार बरं वाटायचं. मग कोंबडा आरवायचा, बोटं एकेक करून निघून जायची आणि आबाजी उठून बूट चढवायचा.

बुटांच्या पुढच्या भागात सोजराबाईनं, त्याच्या बायकोनं, जुन्या लुगड्याचे बोळे घट्ट दाबून बसवले होते. त्यांच्या जोरावर तो चालायचा. जरा डुलत, जरा टाच आपटत. बोरजाईवाडीच्या लोकांना ती चाल मिल्ट्रीची वाटायची. चाकणच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत असलेलं हे गाव. गावानं मिल्ट्री कधी पाहिली नव्हती, त्यामुळं आबाजी चालेल ती मिल्ट्रीची चाल. तो लान्स नायक म्हणून घरी आला होता, पण गावानं त्याला परस्पर सुभेदार करून टाकला होता. पायाला काय झालं असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, गोळी लागली. तेवढ्यावर भागायचं.

खरं का सांगत नव्हता? त्याला कारण होतं. गोळी लागली म्हटलं की गाव मान देतं. बोटं झडली म्हटलं की गावाला एकच गोष्ट कळते, रगतपिती, म्हणजे महारोग. आबाजीच्या लहानपणी कोंडाजी नावाच्या माणसाची बोटं झडली होती. गावानं त्याला ओढ्यापलीकडं खोपटं घालून दिलं. लोक लांबूनच दगडावर भाकरी ठेवून परत फिरायचे. कोंडाजी मेला तेव्हा ते खोपटं त्याच्यासकट पेटवून दिलं. तो धूर आबाजीनं पाहिला होता. थंडीनं माणसाची बोटं काळी पडतात आणि सुकलेल्या शेंगांसारखी गळतात, हे उन्हात भाजून निघणाऱ्या देशावरच्या माणसाला कुणी आणि कसं पटवायचं? तेव्हा गेली चार-पाच वर्षं आबाजीचे पाय सोजराबाईशिवाय कुणी पाहिले नव्हते. एकुलती लेक माणला दिली होती, तिनंसुद्धा नाही.

या बुटांपायी एक नोकरी हातची गेली होती. जवानांना कारखान्यात आधी घ्यायचं असं निघालं तेव्हा आबाजी पिंपरीला एका कंपनीच्या दारात गेला. कागद बघून साहेब खूश झाला, वॉचमनची जागा आहे म्हणाला आणि त्याला डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टर म्हणाला, बूट काढा. आत दहा-बारा माणसं उघड्या अंगानं रांगेत उभी होती, त्यातली तीन चाकणकडची. आबाजीनं एक कडक सलाम ठोकला आणि तो उलट्या पावली बाहेर पडला. घरी येऊन सांगितलं, जागा भरली. सोजराबाईला खरं ते कळल्याशिवाय राहिलं असेल असं नाही.

आणि मग जमीन आली.

चीनच्या लढाईनंतर सरकारला जवानांची फार आठवण यायला लागली होती. मुंबईला विधानसभेत बोलणी झाली, कायदे झाले, सवलती निघाल्या. त्यात असं होतं म्हणे, की सरकारी पडीक जमीन वाटायची झाली तर तिच्यावर आधी लढून आलेल्या जवानाचा हक्क. कायदा मुंबईत झाला आणि खडक बोरजाईवाडीत निघाला. गावाच्या वरच्या अंगाला घोडमाळ म्हणून एक उतार होता. त्यातला अडीच एकराचा तुकडा आबाजीच्या नावावर झाला. गावातले म्हणाले, सरकारनं सुभेदाराला दगड वाटले. पण त्याच तोंडानं असंही म्हणाले, की आमच्या गुरांचं चरायचं रान गेलं. दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या असतील हे कुणी कुणाला विचारलं नाही.

जमिनीला एक अट होती. जवानानं ती स्वतः कसायची. मुदतीत पेरणी झाली नाही, किंवा दुसऱ्याच्या हातानं कसली, तर सरकारजमा. मुदत यंदाच्या पोळ्यापर्यंत होती.

आबाजीच्या घराण्यात कुणाच्या मालकीची जमीन नव्हती. आजा गेला, बाप गेला. त्यांनी जन्मभर गावाची मेलेली ढोरं ओढली, सांगावे पोचवले, दुसऱ्यांच्या बांधावर उभे राहिले. आता दीक्षा घेतल्यापासून वाड्याचं नाव बौद्धवाडा झालं होतं, पण जुन्या लोकांच्या जिभेला अजून वळण लागलं नव्हतं. अशा घरात अडीच एकर जमीन आली. आबाजी पहिल्या दिवशी वर गेला आणि नुसताच बसून राहिला. खाली इंद्रायणीच्या बाजूला धुकं होतं. भोसरीकडं कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा झाला, तो इथवर येईपर्यंत कुणीतरी लांबून हाक मारावी तसा बारीक झाला होता. दगडांवर ऊन पडलं आणि सगळा उतार पांढरा दिसायला लागला. आबाजीला वाटलं, आपण पुन्हा तिथंच बसलोय, वरच्या चौकीवर, आणि मागं सयाजी आहे. सयाजी त्याच्या तुकडीतला, खेडकडचा. एका रात्री तो बसल्या जागी झोपला आणि सकाळी उठवायला गेलं तर उठला नाही. आबाजीनं मागं वळून पाहिलं. मागं सोजराबाई पहार घेऊन उभी होती.

"बसायला आलाय व्हय?" ती म्हणाली.

उन्हाळाभर दोघांनी दगड वेचले. आबाजी बसून पहारीनं दगड उकरायचा आणि सोजराबाई पाटीनं वाहायची. मोठा दगड असला की दोघं मिळून लोटत नेऊन खालच्या बाजूला तालीवर, म्हणजे दगडी बांधावर, बसवायची. उभ्यानं काम करायचं आबाजीला जमत नसे. वजन उचललं की तो पुढं कलंडायचा, कारण पुढं झेलायला बोटं नव्हती. मग तो ढुंगणावर सरकत सरकत काम करायचा. जाणारे-येणारे हसायचे. सुभेदार रांगतोय, म्हणायचे. आबाजीला ते लागायचं. बूट मात्र त्याच्या पायात असायचे, आणि संध्याकाळी सोजराबाई ते काढून पायांवर कोमट पाणी घालायची, तेव्हा बोळे लाल झालेले असायचे. ती ते धुवायची आणि चुलीच्या वैलावर वाळत टाकायची.

पाऊस सुरू झाल्यावर तालीच्या आत वरून वाहून आलेली माती साठली. खालच्या बाजूला तर चांगली वीतभर मऊ जमीन तयार झाली. असल्या हलक्या रानात श्रावण सरता सरता हुलगा पेरतात. हुलगा गरिबाचं पीक, दगडातसुद्धा तग धरतं. बी घरात होतं. अडलं ते बैलापाशी.

आबाजीकडं एकच बैल होता, पाखऱ्या. पाभर, म्हणजे बी पेरायचं औत, एका बैलानं चालत नाही. ज्याच्याकडं एक बैल असतो तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. आज तुझ्या रानात जोडी, उद्या माझ्या. गावात असा दुसरा माणूस कोंडीराम होता. त्याचा एक बैल गेल्या साली मेला आणि मुलगा भोसरीला कंपनीत लागला. मुलगा शिफ्ट करायचा, सुट्टीच्या दिवशी झोपायचा आणि बैल घ्यायला पैसे मागितले की ट्रॅक्टरच्या गोष्टी सांगायचा. तेव्हा कोंडीराम म्हातारपणी एकटा पडला होता. घोडमाळावर त्याचीच गुरं सगळ्यांत जास्त चरायची, म्हणून आबाजीला त्याच्याकडं जायला जीव होईना. शेवटी गेला. कोंडीरामानं तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि कबूल झाला. गरज दोघांनाही होती.

आधी कोंडीरामाचं रान झालं. पाखऱ्या आणि कोंडीरामाचा चांद्या, दोघांची जोडी चांगली जमली. आबाजीच्या वाटचं काम सोजराबाईनं केलं. ती खुरपायला, बी द्यायला, काय पडेल ते करायला गेली. कोंडीरामानं त्याबद्दल हू की चू केलं नाही. मग आबाजीची पाळी आली. सर्कलसाहेब, तलाठ्याचे वरचे अधिकारी, परवा पाहणीला येणार असा निरोप तलाठ्यानं त्याच दिवशी धाडला होता.

सकाळी आभाळ खाली उतरलं होतं, भुरभुर थांबून वाफसा आला होता. कोंडीरामानं बैल जुंपले. पाभरीला हळदकुंकू लावलं, पाया पडला. आबाजी पाया पडला नाही, पण गप उभा राहिला. मग बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरायला तो पाभरीमागं आला तेव्हा कोंडीरामानं हात आडवा केला.

"बूट काढ."

आबाजीला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"पाभर हाय ही," कोंडीराम म्हणाला. "चामडं घालून बी टाकत न्हाईत. काळी आई हाय. माझ्या बैलाला ते सोसायचं न्हाई."

"बैल कुठं बघतोय माझ्या पायाकडं."

"मी बघतोय न्हवं."

आबाजीच्या कानशिलात रक्त चढलं. त्याला त्याचा बाप दिसला. चावडी आली की बाप वहाणा काढून हातात घ्यायचा आणि चावडी मागं पडली की पुन्हा घालायचा, उन्हाळ्यातसुद्धा. मुलगा विचारायचा, पाय भाजत नाहीत का? बाप सांगायचा, सवय हाय. आबाजीनं फौजेत बूट घातले त्या दिवशी मनाशी ठरवलं होतं की आता कुणी सांगितलं म्हणून हे निघणार नाहीत.

"माझा बाप तुमच्या चावडीम्होरं वहाणा हातात घिऊन गेला," तो म्हणाला. "मी न्हाई काढणार."

"चावडीचं कोण बोलतंय? मी सोता अनवाणी हाय, हे बघ." कोंडीरामानं आपला भेगाळलेला पाय चिखलातून वर उचलून दाखवला. "माझा बाप अनवाणी पेरायचा, त्याचा बाप बी. तुझ्यासाठनं न्हवं, रानासाठनं म्हणतोय."

म्हातारा खोटं बोलत नव्हता, हे आबाजीला कळत होतं. दुखणं तेच होतं. त्यात जात असती तर भांडता आलं असतं. आबाजी बुटांत पाय रोवून उभा राहिला आणि नाही म्हणाला. कोंडीरामानं थोडी वाट पाहिली, चांद्याची जुंपणी सोडली आणि त्याला घेऊन उतार उतरून गेला. पाभरीला एकटा पाखऱ्या राहिला. तो वळून वळून जोडीदाराकडं बघत होता.

सोजराबाई तालीवर बसली होती, बियाची ओटी बांधून. तिनं ओटी सोडली नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं काहीतरी ती पुटपुटली. आबाजीनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

दुपारी त्याचा डोळा लागला. झोपेत सगळं पांढरं होतं आणि त्या पांढऱ्यात पाखऱ्या आणि चांद्या जुंपलेले होते. सयाजी पाभर धरून चालला होता. पाभरीच्या फाळाखाली बर्फ कर्रकर्र वाजत होतं आणि सयाजी मुठीनं बी टाकत होता. आबाजी त्याला म्हणाला, अरे, इथं काय उगवणार? सयाजी म्हणाला, तुझी बोटं टाकतोय, उगवली तर बघ. तो असा हसून म्हणाला की आबाजीला भीती वाटलीच नाही. तो त्याच्या मागं मागं चालत राहिला. पाय फार हलके झाले होते.

जागा झाला तेव्हा सोजराबाई त्याच्या पायांपाशी बसून बोळे बदलत होती. बाहेर ऊन पडलं होतं आणि दारातल्या डबक्यात आभाळ हलत होतं.

"परवा जमीन जाईल," ती म्हणाली.

"जाऊ दे."

"म्हातारा वाईट न्हाई. त्याला सांगा."

"त्याला तो बोटं झडलेला कोंडाजी आठवंल. त्याच्या डोळ्यांदेखत जाळलाय."

सोजराबाईनं त्याचं निम्मं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं. तिचा हात खरखरीत होता आणि पावलाला त्यातलं निम्मंच कळत होतं.

"इतकी वरसं मी हे धुतीया," ती म्हणाली. "माझं एक बोट तरी झडलं का? येवढं त्याला दिसंल का न्हाई?"

आबाजीनं पाय ओढून घेतला. त्याला वाटलं, हिला कळत नाही. जमीन गेली तर नुसती जमीन जाईल. हे कळलं तर पाणवठा जाईल, लेकीचं सासर जाईल, सोजरासुद्धा ओढ्यापलीकडं जाईल. तो भिंतीकडं तोंड करून पडला. त्याच्या मनात एवढी भीती लडाखातसुद्धा नव्हती.

सोजराबाई घागर घेऊन गेली. तिला यायला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं होतं की घोडमाळ दिसत नव्हता. आबाजी वर पोचला तर धुक्यात घुंगरं वाजली. कोंडीराम चांद्याला घेऊन आधीच आला होता. जोडी जुंपलेली होती. म्हातारा बैलांच्या पलीकडच्या बाजूला उभा होता आणि तिथून इकडं येत नव्हता.

"बूट आसू दे तुझं," तो म्हणाला. "घालूनच धर. माझं काय म्हणणं न्हाई."

आबाजीनं सोजराबाईकडं पाहिलं. तिनं नजर वळवली नाही. मग काल घागरीला उशीर का झाला ते त्याला समजलं. आणि बैलांच्या आड उभ्या असलेल्या कोंडीरामाकडं पाहिल्यावर हेही समजलं की म्हाताऱ्याला बर्फाचं काही पटलेलं नाही. त्यानं ऐकून घेतलं होतं, दया आली होती, आणि पेरणी होऊन जाऊ दे म्हणून तो आला होता. हातभर अंतर राखून. पूर्वीही तो अंतर राखायचा, पण ते जुनं होतं आणि आबाजीला त्याची सवय होती. हे नवीन होतं. या दयेवर पेरलेला हुलगा गिळायचा कसा?

तो दगडावर बसला आणि त्यानं बूट काढले. आधी उजवा, मग डावा. बोळे काढून बुटांत कोंबले. दोन्ही पाय समोर धरले, सकाळच्या उजेडात, जणू दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

कोंडीराम बैलांच्या पाठीवरून बघत होता. बराच वेळ बघत होता. बैलांच्या नाकातून वाफ निघत होती.

"दुखतंय का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. कळतच न्हाई."

"आन् हे... वाढत न्हाई म्होरं?"

"कापलंय ते. डाक्तरनं कापलंय. गळालेलं न्हाई." बोलता बोलता आबाजीचा आवाज फाटला. "बर्फ व्हता दादा. आठ दिस बुटात पाणी गोठलेलं व्हतं. बूट काढला तर बोटं काळी पडल्याली."

कोंडीरामानं मान हलवली. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते कळलं नाही. तो बैलांपुढं गेला आणि त्यानं कासरा धरला.

आबाजी उठला. पहिल्या पावलाला तो पुढं गेला आणि पाभरीच्या दांड्यावर, रुमण्यावर, ओणवा झाला, पण रुमण्यानं त्याला धरलं. तिथून पुढं त्याला गंमत कळली. एका हातानं रुमणं धरायचं, दुसऱ्या हातानं चाड्यात बी सोडायचं आणि बैलांनी ओढलं की आपण नुसतं मागं जायचं. सोजराबाई कडेनं चालत ओटीतून बी देत होती. वरच्या बाजूला मुरूम होता, तिथं टाचा ठेचल्या. खाली आल्यावर माती मऊ लागली. पाणी पिऊन बसलेली, कोमट माती. निम्म्या पावलांना तिचं जेवढं कळायचं तेवढं कळलं आणि बाकीचं नसलेल्या बोटांना कळलं. शपथेवर सांगावं इतकं खरं कळलं. बोटांच्या बेचक्यांतून चिखल वर आला, अंगठ्याखाली खडा आला आणि बाजूला सरकला. आबाजीनं खाली पाहिलं नाही. खाली पाहिलं की ती जातील अशी त्याला धास्ती होती.

धुक्यातून बैल पुढं दिसायचे आणि नाहीसे व्हायचे. कोंडीराम कधी होता, कधी नुसतं त्याचं हाकारणं होतं. दिवस वर आला की नाही तेही कळत नव्हतं. आबाजीला वाटत होतं आपण बाजूबाजूनं कुणाकुणाबरोबर चाललोय. सयाजी आहे, बाप आहे, बापाच्या हातात वहाणा आहेत पण इथं तो त्या हातात धरूनही हसतोय. पेरणीची ओळ, म्हणजे तास, संपली की बैल वळायचे आणि आबाजी रुमण्याला लोंबकळत वळायचा. पडला नाही. एकदा पडला, पण बी सांडलं नाही.

दुपारी कोंडीराम आपली भाकरी सोडून वेगळा बसला. पाणी त्यानं ओढ्यावर जाऊन प्यायलं. सोजराबाईनं कांदा पुढं केला तर म्हणाला, हाय माझ्याकडं. आबाजीला वाईट वाटलं, पण त्या दिवशी त्याचं वाईट वाटणंसुद्धा हलकं झालं होतं. दिवस मावळेपर्यंत पेरणी पुरी झाली. बी झाकायला फळी फिरवायची राहिली, कारण अंधार पडला होता आणि बैल थकले होते. ते उद्यावर टाकलं. रात्री बारीक झिमझिम झाली.

सकाळी सर्कलसाहेब आले. बरोबर तलाठी, आणि गंमत बघायला गावातली आठ-दहा माणसं. कोंडीराम बैल आणि फळी घेऊन आला होता. आबाजी बूट घालून, टोपी घालून, ताठ उभा होता. सर्कलसाहेब उतारावरून खाली आले, तालीवर चढले, पेरणी पाहून खूश झाले. मग त्यांची नजर खालच्या मऊ रानावर गेली आणि ते वाकले.

तासातासाच्या कडेनं पावलं उमटली होती. आखूड, रुंद, अगदी सरळ ओळीनं. झिमझिमीनं त्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या.

"हे कुणाचं पाऊल?" त्यांनी विचारलं. "पोराचं दिसतंय."

तलाठ्यानं आबाजीच्या बुटांकडं पाहिलं. सर्कलसाहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. जवानाच्या नावानं जमीन घ्यायची आणि दुसऱ्याच्या पोराटोरांकडून राबवून घ्यायची, असली प्रकरणं आपल्याकडं रोज येतात, असं ते म्हणाले. अट स्वतः कसायची आहे. या माणसाचे बूट एवढे मोठे, आणि रानात एकही बुटाचं पाऊल नाही.

कोंडीराम पुढं झाला. "गुरामागची पोरं आली आसतील सायेब," तो म्हणाला. तो आबाजीला झाकायला बघत होता, आणि आबाजीला ते उमगलं. पण गुरामागची पोरं पाभरीमागं ओळीनं चालत नाहीत, हे सर्कलसाहेबांना कळत होतं. त्यांनी तलाठ्याकडून पेन मागून घेतलं.

आबाजीनं जमलेल्या माणसांकडं पाहिलं. सगळी ओळखीची. लहानपणी याच माणसांबरोबर त्यानं कोंडाजीच्या खोपटाचा तो धूर पाहिला होता. त्यानं सोजराबाईकडं पाहिलं. ती हलली नाही, पण तिचे ओठ घट्ट मिटले होते आणि डोळ्यांत पाणी होतं. जाईना का जमीन, असं तिच्या तोंडावर होतं.

तो खाली बसला आणि नाड्या सोडायला लागला. गाठ सुटेना. सुटली. उजवा बूट निघाला, बोळा पडला. माणसं मागं सरकली. एकानं दुसऱ्याच्या कानात सांगितलं, पण धुकं नसलेल्या सकाळी ते सगळ्यांना ऐकू गेलं. रगतपिती.

आबाजी उठला. एका पायात बूट, एक पाय उघडा, असा लंगडत तो रानात उतरला आणि त्यानं आपलं पाऊल त्या आखूड पावलावर ठेवलं. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही.

"माझंच हाय सायेब," तो म्हणाला. "थंडीनं गेली बोटं. लडाखात. गोळी लागली न्हवती मला. मी खोटं सांगत व्हतो."

सर्कलसाहेबांनी त्या पायाकडं पाहिलं, मग दुसरीकडं पाहिलं. लिहिलं आणि पेन परत केलं. जाताना त्यांनी आबाजीला नमस्कार केला. माणसं मात्र तालीपलीकडं, होती तिथंच घोळक्यानं उभी राहिली. कुणी इकडं येईना, कुणी जाईना. आबाजी रानात तसाच उभा होता. जमीन राहिली होती. बाकी काय राहिलं ते त्याला त्या माणसांच्या तोंडाकडं बघून कळत नव्हतं, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

कोंडीरामानं बैल वळवले. फळी ओढत तो रानात आला, घोळक्याच्या समोरून, आणि आबाजीजवळ थांबला. फळीवर वजन लागतं. कुणी धोंडा ठेवतं, कुणी माणूस बसवतं.

"वजन पायजे," तो म्हणाला. "दुसरा बी काढ आन् बस फळीवर."

आबाजीनं दुसरा बूट काढून बांधावर टाकला. पण ओल्या मातीतून फळीवर चढता येईना, तोल जायला लागला. तेव्हा कोंडीरामानं हात पुढं केला. आबाजी त्या हाताकडं बघत राहिला.

"धर की," कोंडीराम म्हणाला. "बियं उघडं पडलंय. पाखरं टिपत्याल."

आबाजीनं हात धरला. म्हाताऱ्यानं त्याला घट्ट धरून वर घेतलं, बसवलं आणि गावाच्या देखत त्याच हातानं कासरा ओढून बैल हाकले. आबाजी मागं तोंड करून बसला होता, उघडे पाय मातीवर सोडून. त्याची कालची आखूड पावलं एकेक करून फळीखाली जात होती आणि मागं सगळं रान सपाट होत चाललं होतं. तालीवर सोजराबाई पदर तोंडात धरून रडत होती. आबाजीनं तिला हात केला.